भोळा नायक आणि पक्कं बिल : कांदीद, स्विफ्ट वगैरे मंडळी

तिरकस_तात्या

१४ मार्च १७५७, पोर्ट्समथ बंदर. इंग्लंडच्या आरमाराचा ॲडमिरल जॉन बिंग आपल्याच देशाच्या मोनार्क नावाच्या जहाजावर गुडघे टेकून बसला, डोळ्यांवर पट्टी, आणि आपल्याच लोकांच्या गोळ्या खाऊन मेला. गुन्हा काय, तर आदल्या वर्षी मिनॉर्का बेट फ्रेंचांपासून वाचवायला याने शर्थ केली नाही. भित्रेपणाच्या आरोपातून कोर्टाने सोडला होता, दया दाखवा अशी शिफारस पण केली होती, राजा बधला नाही.

दोन वर्षांनी, १७५९ च्या सुरवातीला, 'कांदीद' नावाचं एक बारकंसं पुस्तक बाजारात येतं. तीस छोटी प्रकरणं, लेखकाचं नाव गायब, वर छापलंय की कुणा डॉक्टर राल्फच्या जर्मन पुस्तकाचं हे भाषांतर. त्यातला नायक कांदीद फिरत फिरत पोर्ट्समथला पोचतो. किनाऱ्यावर ही गर्दी, जहाजावर एक जाडसर माणूस गुडघ्यावर, समोर चार शिपाई, प्रत्येकजण अगदी शांतपणे तीन तीन गोळ्या त्याच्या कवटीत घालतो आणि पब्लिक एकदम खूश होऊन घरी जातं. हा विचारतो, का हो मारलं? तर म्हणे ह्याने पुरेशी माणसं मारली नाहीत, फ्रेंच ॲडमिरलच्या पुरेसा जवळ गेला नाही. अहो पण मग तो फ्रेंच पण याच्यापासून तेवढाच लांब होता की! हो ते खरंय, पण आमच्या देशात अधूनमधून एखादा ॲडमिरल मारलेला चांगला असतो, बाकीच्यांना हुरूप येतो.

हा निनावी लेखक म्हणजे फ्रान्सचा व्हॉल्टेअर. आणि त्याने हे घरबसल्या लिहिलं नाहीये बरं का. मिनॉर्का जिंकणारा फ्रेंच मार्शल रिशल्यू त्याच्या ओळखीचा. त्याच्याकडून बिंग कसा नीट लढला असं पत्र मिळवून या गड्याने ते बिंगकडे पाठवलं होतं, म्हणजे आधी वाचवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग ही अर्ध्या पानाची गोष्ट लिहिली.

धागा काढायचं कारण असं की या काळातल्या उपहासकथांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते फार मोघम असतं, म्हणजे चर्चवर टीका, राजेशाहीवर टीका, अंधश्रद्धेवर प्रहार, झालं. मला वाटतं मोघम टीका कुणालाच लागत नाही, उलट ज्याच्यावर केली तो पण टाळ्या वाजवतो. ह्या लोकांचं लिखाण लागलं कारण त्यात नाव, गाव, तारीख, रक्कम सगळं होतं. नायक ठेवायचा एकदम भोळा सांब, आणि बिल मात्र पक्कं, शेवटच्या पैपर्यंत.

लिस्बनचंच घ्या. १ नोव्हेंबर १७५५, ऑल सेंट्स डे, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये, आणि भूकंप. मग लाटा, मग आग, शहराची राखरांगोळी. त्या काळी विचारवंतांत फॅशन होती लायब्निट्झच्या त्या सिद्धांताची की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हेच जग सर्वोत्तम आहे. पोपने (कवी पोप, रोमवाला नाही) तर जे आहे ते योग्यच आहे असं कवितेत लिहूनच टाकलं होतं. आता यावर व्हॉल्टेअर काय करतो? वाद घालत नाही. कोइंब्रा विद्यापीठातल्या पंडितांना ठरवू देतो की भूकंप थांबवायचा रामबाण उपाय म्हणजे काही माणसं मंद आचेवर वाजतगाजत जाळणे. मग माणसं शोधतात. एकाने नात्यात न चालणारं लग्न केलेलं, दोघांनी कोंबडी खाताना त्यातली डुकराची चरबी काढून बाजूला ठेवलेली, म्हणजे हे छुपे ज्यू! कांदीदच्या पॅन्ग्लॉस गुरुजींना (हेच जग सर्वोत्तम असं शिकवणारे ते) बोलल्याबद्दल फाशी, कांदीदला ते मान डोलवून ऐकल्याबद्दल फटके, ते पण संगीताच्या तालावर. त्याच दिवशी जमीन परत हादरते. एवढंच लिहून पुढे जातो बाबा, एक शब्द स्पष्टीकरण नाही.

छापायची पद्धत पण बघण्यासारखी. जिनिव्हाच्या क्रामेर बंधूंनी न बांधलेले छापील ताव आधीच गुपचूप पॅरिस, ॲम्स्टरडॅम वगैरेला रवाना केले, म्हणजे एका गावात जप्ती येईतो दुसऱ्या गावात माल खपलेला. पॅरिसात बंदी, जिनिव्हात जाळायचा हुकूम, आणि हे महाशय ओळखीच्या पाद्रीबुवांना कळवतायत की असली टवाळी माझ्या नावावर खपवणाऱ्यांची डोकी फिरलीत. त्याच वर्षात फ्रेंचमध्येच डझनावर आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजीत तीन वेगवेगळी भाषांतरं. १७६२ ला व्हॅटिकनने निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातलं, तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.

बोला मंडळी.

---

चष्मेबद्दूर

वाखुसा (वाचनखूण साठवली). बिंगचा किस्सा कादंबरीतला काल्पनिकच समजून चाललो होतो.

---

हिशोबनीस

तात्या बिलावरून बोलताय आणि स्विफ्टला फक्त शीर्षकात बसवलाय, हे चालायचं नाही. १७२९, डब्लिन. आयर्लंडात दुष्काळासारखी स्थिती, रस्त्यावर पोरं कडेवर घेतलेल्या भिकारणी, जमिनीचे मालक इंग्लंडात बसून खंड खातायत. तर सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन असलेला हा माणूस 'अ मॉडेस्ट प्रपोजल' नावाचं निनावी चोपडं काढतो, त्यात एक अर्थतज्ज्ञ छापाचे गृहस्थ आकडेमोड मांडतात. देशाची लोकसंख्या पंधरा लाख, त्यात मुलं होऊ शकतील अशी दोन लाख जोडपी, स्वतःचं पोर पोसू शकणारी तीस हजार वजा, गर्भपात आणि लहानपणीच गेलेली पन्नास हजार वजा, उरली गरिबांची एक लाख वीस हजार पोरं दरसाल. त्यातली वीस हजार पैदाशीला ठेवा, बाकीची लाखभर वर्षाची झाली की पैसेवाल्यांच्या टेबलावर. जन्मताना बारा पौंड, नीट दूध पाजलं तर वर्षात अठ्ठावीस पौंड. पोसायचा खर्च चिंध्यांसकट दोन शिलिंग, विक्री दहा शिलिंग, आईला निव्वळ नफा आठ.

मी धंद्याने अकाउंट्सवाला आहे त्यामुळे मला यातली खरी भीती कुठाय ते सांगतो. बेरीज बरोबर आहे. वजावट बरोबर आहे. असल्या टिपणात जसं 'किरकोळ खर्च धरून' लिहितात तसं त्याने चिंध्या धरल्यात. वाचणारा अर्धं पान मान डोलवत जातो, मग पुढच्या ओळीत चौथ्या दिवशी मीठमिरी लावून उकडलेलं पण चांगलं लागतं असं येतं तेव्हा कळतं आपण कशाला मान डोलवली. आणि मध्येच सहज, जमीनदारांना हे मांस विशेष शोभेल, त्यांनी आईबापांना तर आधीच बऱ्यापैकी खाल्लंय.

शेवटाकडे मग खरे उपाय येतात, ते पण नाकारत नाकारत. परदेशी बसलेल्या जमीनदारांवर पौंडाला पाच शिलिंग कर लावा, आपल्याच देशात विणलेलं कापड वापरा असलं काही मला कुणी सांगू नका. हे सगळं तो आधी गंभीरपणे लिहून बसला होता, १७२० च्या पत्रकात तर इंग्लंडहून येणारं त्यांची माणसं आणि त्यांचा कोळसा सोडून सगळं जाळा इथवर. आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या व्हायच्या दोनशे वर्ष आधी हे.

---

घाटावरचा

असहमत. आकडे आणि तारखा हे तात्यांचं लाडकं, पण सगळ्यांनाच ते लागू होत नाही. फ्रेंच विचारवंत मॉन्तेस्क्यूची पर्शियन पत्रं ही कादंबरी, १७२१. तिथे सगळा खेळ नजरेचा आहे. उझबेक आणि रिका हे दोन इराणी पॅरिसात येतात आणि जे दिसतं ते घरी कळवतात. फ्रान्सचा राजा मोठा जादूगार आहे, खजिन्यात दहा लाख असले आणि लागणार वीस लाख असले तर तो लोकांना नुसतं पटवतो की एकाचे दोन झाले, आणि ते मान्य करतात. त्याच्याहून मोठा जादूगार म्हणजे पोप, तो पटवतो की तीन म्हणजे एक आणि पाव म्हणजे पाव नव्हे. इथे कुठलं बिल आलं? परका माणूस आणला की झालं, आपल्याला रोजचं म्हणून जे दिसेनासं झालेलं असतं ते त्याला दिसतं.

---

तिरकस_तात्या

घाटावरचे, दहा लाखाचे वीस लाख हे बिल नाही तर काय आहे ओ. १७१६ पासून जॉन लॉ नावाच्या स्कॉटिश माणसाने फ्रान्सला कागदी नोटा आणि मिसिसिपी कंपनीचे शेअर्स विकले, १७२० ला सगळा फुगा फुटला, कालचे कोट्यधीश भिकेला लागले. पुस्तक आलं पुढच्याच वर्षी. पत्रावर तारीख जुनी टाकून चौदाव्या लुईला जादूगार म्हटलंय, पण वाचणाऱ्याच्या घरात लॉच्या नोटांची रद्दी अजून पडलेली होती, त्याला काय कळायचं ते बरोबर कळलं. पोपवालं वाक्य पुढे येतं तेव्हा वाचणारा ऑलरेडी पैशाच्या नावाने बोटं मोडत असतो, त्या रागावर स्वार होऊन धर्म आत घुसवलाय. परक्याची नजर लागतेच, नाही म्हणत नाही, पण नुसत्या नजरेने तेव्हा ढिगाने पुस्तकं लिहिली गेली, तुर्की हेर, चिनी पत्रं, अमकं तमकं. ती आज फक्त प्रबंधवाले उघडतात.

---

मुग्धाई

उझबेकचा विषय निघालाच आहे तर, पर्शियन पत्रांतला सगळ्यात जबर भाग पॅरिसचा नाहीचे. हा उझबेक युरोपात बसून स्वातंत्र्य, न्याय, सहिष्णुता यावर प्रवचनं देतो आणि तिकडे इस्पहानला त्याचा जनानखाना कुलपात, बायकांवर खोजे पहारा ठेवून. घरून वाईट बातम्या यायला लागतात तसतशी त्याची पत्रं बघा, तत्त्वज्ञान गळून पडतं आणि हुकूम सुटायला लागतात. शेवटचं पत्र रोक्झानचं. विष घेतलंय, हात चालेनासा व्हायच्या आत ती कळवते की मी तुला फसवलं, गुलामीत जगले असेन पण मोकळी होते, तुझे कायदे मी निसर्गाच्या कायद्यांवर बेतून परत लिहिले. संपलं पुस्तक. हे मॉन्तेस्क्यूने मुद्दाम केलंय, शहाण्या टीकाकाराचंच बिल शेवटी टेबलावर ठेवलंय.

आणि पुरुषांचीच नावं चाललीयेत म्हणून, फ्रेंच लेखिका मादाम द ग्राफिन्यी. १७४७ ला तिने पेरूच्या बाईची पत्रं लिहिली. झिलिया नावाची इंका मुलगी, स्पॅनिश लोक पळवतात, मग फ्रेंचांच्या हाती लागते. सुरवातीला ती लिहीत नाही, दोऱ्यांना गाठी मारून निरोप ठेवते, किपू म्हणतात त्याला, आणि दोरा संपत आला तशी कासावीस होते. फ्रेंच शिकल्यावर मग तिची नजर फिरते. इथे मुलींना कॉन्व्हेंटात अशा बायका शिकवतात ज्यांना स्वतःला काही येत नाही, मग लग्न लावतात आणि अडाणी म्हणून हसतात. शेवटी फ्रेंच सरदार लग्नाला तयार, इस्टेट बिस्टेट, आणि ही नको म्हणते! घर आहे, पुस्तकं आहेत, मैत्री कर, बस. वाचकांना हे इतकं झोंबलं की लोकांनी आपापले पुढचे भाग लिहून तिचं लग्न लावून दिलं. व्हॉल्टेअरच्या अर्ध्या टवाळीपेक्षा मला हे एक 'नको' भारी वाटतं.

---

चष्मेबद्दूर

दुसऱ्याच्या नायिकेचं लग्न लावून देणारे वाचक 😂 आपल्याकडच्या सिरियलवाल्यांचे पूर्वज.

---

गोंयकार_पुण्यात

कोंबडीतली चरबी काढून ठेवली म्हणून जाळणे, यावर इथे सगळे हसतायत, मला थोडं कमी हसू येतं. गोव्यात इन्क्विझिशन (धर्म नीट न पाळणाऱ्यांना पकडून शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट) १५६० ला आलं ते मध्ये चार वर्षांची खोट सोडली तर १८१२ पर्यंत होतं. १७३६ च्या हुकूमनाम्याची यादी अ. का. प्रियोळकरांच्या पुस्तकात आहे. ख्रिस्ती झालेल्यांनी भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. दारात तुळस नाही. लग्नात अमुक गाणी, तमुक विडे नाहीत. म्हणजे स्वयंपाकघरात कोण भातात मीठ घालतं यावर पवित्र कचेरीचं लक्ष. कुणी असं कादंबरीत लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते ताणलंय.

आणि व्हॉल्टेअरला गोवा माहीत होता. देल्लाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कैदेत पडला होता, सुटल्यावर त्याने १६८७ ला पुस्तक काढलं, ते युरोपभर गाजलं. व्हॉल्टेअरने तर १७६९ मध्ये अमाबेदची पत्रं म्हणून एक आख्खी पत्रकथा लिहिली, नायक बनारसचा तरुण अमाबेद, त्याची बायको अदाते, आणि घरात येऊन भाषा शिकवणारा इटालियन पाद्री, नाव काय तर फादर फा-तुत्तो. हा पाद्री ह्यांना गोव्याला नेतो आणि इन्क्विझिशनच्या तुरुंगात टाकतो, बाईवर अत्याचार करतो, मग न्यायासाठी म्हणून त्यांना जहाजाने रोमला. सगळी पत्रं मदुरेच्या एका थोर ब्राह्मणाला लिहिलेली. गोष्ट सोळाव्या शतकाच्या सुरवातीची दाखवलीय, म्हणजे खरं इन्क्विझिशन यायच्या बरंच आधी, पण त्याची पर्वा त्याला नाही.

मला गंमत रोमची वाटते. तिथे पोचेपर्यंत आपण रागाने पेटलेलो असतो, आता हा भारतीय माणूस पोपसमोर काय बोलणार. आणि होतं काय, तर रोममध्ये मेजवान्या, नाटकं, सुंदर लोक, सगळे हसतमुख, आणि अमाबेदचा राग हळूहळू विरघळतो. न्याय राहतो बाजूला, हे दोघं मजेत. तात्या, तुमच्या पक्क्या बिलात हे बसवा बरं. छळानं जे झालं नाही ते पाहुणचारानं झालं.

---

तिरकस_तात्या

गोंयकार, दंडवत. नाही बसत. अमाबेद मी फक्त व्हॉल्टेअरच्या खात्यावरची किरकोळ चीज समजून सोडून दिली होती, रोमवाला भाग या बाजूने बघितला नव्हता. बिनमिठाच्या भाताचं मात्र वहीत लिहून ठेवलं.

---

घाटावरचा

सगळं मस्त चाललंय, पण तात्यांचे हिरो स्वतः किती धुतल्या तांदळाचे होते तेही येऊ द्या. व्हॉल्टेअरने ज्यूंबद्दल जे लिहून ठेवलंय ते आज वाचवत नाही, काळ्या लोकांबद्दल तर वेगळीच जात म्हणून लिहिलंय. इन्क्विझिशन ज्यूंना जाळतं म्हणून चिडायचं आणि स्वतः त्यांच्यावर गरळ ओकायची. त्याचे पैसे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत होते. मॉन्तेस्क्यूचं बोर्डो हे गुलामांच्या व्यापाराचं बंदर. दुसऱ्याचं बिल पक्कं आणि स्वतःचं उधारीवर.

---

तिरकस_तात्या

यातलं काहीच खोडून काढणार नाही. पण साखरेचा प्रसंग बघा मग ठरवा.

सुरिनाम, डच वसाहत. रस्त्यात एक काळा माणूस पडलेला, अंगावर अर्धेच कपडे म्हणजे निळी चड्डी, डावा पाय नाही, उजवा हात नाही. कांदीद विचारतो, तुझी ही अवस्था मालकाने केली का? तो सांगतो, हो साहेब, रीतच आहे. वर्षातून दोनदा कपडा म्हणून एक चड्डी मिळते. साखरेच्या घाण्यात काम करताना बोट अडकलं तर हात तोडतात, पळून जायला बघितलं तर पाय. माझ्या बाबतीत दोन्ही झालं. या किमतीत तुम्ही युरोपात साखर खाता.

बघा, तो रडत नाही, शिव्या देत नाही, रेटकार्ड वाचून दाखवतो. हा प्रसंग आधीच्या हस्तलिखितात नव्हता, पुस्तक छापायला जायच्या सुमारास घातलाय. त्याच्या आधी १७४८ ला मॉन्तेस्क्यूने कायद्यांवरच्या ग्रंथात गुलामगिरीचं समर्थन करणाऱ्याचा आव आणून लिहिलं होतं की गुलाम लावले नाहीत तर साखर फार महाग पडेल. १७५८ ला हेल्वेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाने आपल्या पुस्तकात तळटीपेत टाकलं की युरोपात येणारं साखरेचं एकही पिंप माणसाच्या रक्ताने माखल्याशिवाय येत नाही. त्याचं पुस्तक पण जाळलं. म्हणजे दहा-अकरा वर्षं हे वाक्य एका हातातून दुसऱ्या हातात जातंय आणि दर वेळी धार येतेय, कारण वाचणारा कॉफीत साखर घालूनच वाचायला बसलेला. लिहिणारा पण. घाटावरचे, तुमचा मुद्दा तिथेच लागतो, लिहिणाऱ्याच्या कपात पण तीच साखर होती. मला त्यामुळे वाक्य हलकं वाटत नाही.

---

नवखी०७

मी इतिहासाची विद्यार्थिनी वगैरे नाही, सहज वाचतेय. साधा प्रश्न. या सगळ्याने फरक काय पडला? बिंग तर मेलाच होता.

---

हिशोबनीस

स्विफ्टचा जमाखर्च देतो. पोरं खायच्या चोपड्याने काही बदललं नाही, आयर्लंड तसंच उपाशी. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १७२४ ला, त्याने एका कापडवाल्याच्या नावाने पत्रं लिहिली होती. विल्यम वुड नावाच्या इंग्रजाने राजाच्या मैत्रिणीला दहा हजार पौंड चारून आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा मक्ता मिळवला होता. कापडवाला साध्या भाषेत सांगतो की ही नाणी चालली तर जमीनदाराला खंड पोचवायला शेकडो घोडे लागतील. सरकारने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला तीनशे पौंड लावले. आख्ख्या डब्लिनला माहीत होतं कोण आहे, एकानेही तोंड उघडलं नाही. छापणारा हार्डिंग मात्र तुरुंगात गेला. १७२५ ला मक्ता रद्द. म्हणजे जिथे लोकांना काय करायचं नाही ते एका ओळीत सांगता येत होतं (नाणं घेऊ नका), तिथे काम झालं.

---

मुग्धाई

छापणारे आत जातात आणि लेखक डीनच राहतात, हे पण नोंदवा त्या जमाखर्चात.

---

तिरकस_तात्या

नवखी०७, प्रश्न साधा नाहीये. फ्रान्सचं सांगतो. १७६२ ला तुलूझमध्ये झां कालास या प्रोटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलाला धर्म बदलू नये म्हणून मारलं असा आरोप ठेवून, चाकावर हाडं मोडून मारलं. व्हॉल्टेअर तेव्हा पासष्टीच्या पुढे, फेर्नेला स्विस हद्दीला चिकटून राहायचा, गरज पडली तर पलीकडे पळता यावं म्हणून. त्याने तीन वर्षं पत्रं, पत्रकं, वकील, वजनदार ओळखी सगळं लावलं आणि १७६५ ला कालासवरचा ठपका पुसून घेतला. इथे गोष्टी नाही लिहिल्या, कागदपत्रं छापली. पण कांदीद वाचून हसलेले हजारो लोक तयार होते म्हणून ती पत्रकं वाचली गेली, असं मला वाटतं, सिद्ध करता यायचं नाही.

उलटं पण झालं. १७६६ ला आबव्हिलमध्ये शव्हालिए द ला बार, वय वीसच्या आसपास, मिरवणुकीसमोर टोपी काढली नाही आणि देवनिंदा केली म्हणून मुंडकं उडवून धड जाळलं, आणि त्याच चितेवर व्हॉल्टेअरचा तत्त्वज्ञानाचा कोश टाकला कारण तो पोराच्या खोलीत सापडला होता. लेखक हद्दीवर सुखरूप, वाचक चितेवर. मुग्धाईंच्या छापणाऱ्याच्या खाली हे पण लिहा. व्हॉल्टेअर तेव्हा चांगलाच टरकला होता.

---

जुनाजाणता

उशिरा आलो. अवांतर नाही म्हणून लिहितो. १८७३ ला जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी लिहिलं ते धोंडिबाच्या प्रश्नांना जोतीरावाची उत्तरं या रूपात, आणि मत्स्य-कच्छ-वराह असे एकेक अवतार घेऊन त्यांची जी उलटतपासणी चालवलीय ती वाचताना हाच खट्याळ सरळपणा दिसतो. माणसाच्या हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन त्यांनी वाचला होता हे सगळ्यांना माहीत आहे, पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण आहे. कांदीद वाचला होता असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी प्रतिसादात तसं चिकटवू नका.

---

नवखी०७

धन्यवाद सगळ्यांना. यातलं आधी काय वाचू? फ्रेंच येत नाही, इंग्रजी चालेल.

---

गोंयकार_पुण्यात

कांदीद. दोन संध्याकाळी होतो. स्विफ्टचं चोपडं तर बसल्या बैठकीला. जेवण झाल्यावर वाच मात्र.

---

मुग्धाई

ग्राफिन्यी. आणि शेवट आवडला नाही तरी तिचं लग्न लावू नकोस.

---

हिशोबनीस

स्विफ्ट. आकडे कागद-पेन घेऊन स्वतः मांडून बघ, एकही चुकत नाही.